'सगळं ठीक आहे' म्हणणारा क्लायंट

प्रश्न (थोडक्यात, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत)

मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी समुपदेशक म्हणून काम करते. वय 28. माझ्याकडे 46 वर्षांचे एक गृहस्थ येतात. पतसंस्थेत नोकरीला आहेत. झोप नाही, चिडचिड, घरात कोणाशी बोलणं नाही, म्हणून त्यांच्या पत्नीने त्यांना आणलं. पत्नी माझ्या आईच्या भजनी मंडळातल्या, ओळखीच्या. पहिल्या दोन सेशनमध्ये काका बरंच बोलले. भावाशी शेताची वाटणी झाली ते सांगताना त्यांचे डोळे भरून आले. मी म्हटलं, आता काम सुरू झालं. पण तिसऱ्या सेशनपासून एकच पालुपद: 'सगळं ठीक आहे मॅडम', नाहीतर 'तुम्हीच सांगा काय करायचं'. सांगितलं की 'करतो' म्हणतात आणि करत नाहीत. विचारांची डायरी लिहायला दिली, ती कोरीच आहे. पंधरा-वीस मिनिटं उशिरा येतात. गाडीसुद्धा दोन गल्ल्या सोडून लावतात, जणू इथे येणं म्हणजे कमीपणा. एकदा मलाच विचारलं, 'तुमचं लग्न झालंय का?' मी विषय बदलला. फी पत्नी भरतात. मध्येच त्यांचा फोन येतो, 'काय म्हणाले हो?' काळजीनेच विचारतात, म्हणून मीही मोघम काहीतरी सांगते. मागच्या महिन्यात मी काकांना स्पष्टच म्हणाले, 'तुम्ही रेझिस्टन्स दाखवताय, तुम्हाला बदलायचंच नाहीये.' ते 'बरं' म्हणाले आणि पुढचे दोन आठवडे आलेच नाहीत. काल त्यांनी स्वतः फोन करून गुरुवारची वेळ घेतली. हा प्रतिरोध मोडायचा कसा? की ही केस सोडून देऊ?

उत्तर

तुमच्या पत्रातलं शेवटून तिसरं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. काकांनी स्वतः फोन करून वेळ घेतली. ज्या माणसाला तोंडावर सांगितलं गेलं की तुला बदलायचंच नाही, तो माणूस दोन आठवडे थांबून, पत्नीला मध्ये न घालता, पुन्हा वेळ मागतो. केस सोडायची का, या तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यांनीच देऊन टाकलंय. तेव्हा सोडायचं नंतर बघू. आधी हे बघू की त्यांचा हा प्रतिरोध नेमका कशापासून त्यांना राखतोय.

तुम्ही लिहिलेला क्रम पाहा. पहिली दोन सेशन मोकळी. दुसऱ्यात भावाचा, वाटणीचा विषय निघाला, डोळ्यांत पाणी आलं. तिसऱ्यापासून दार बंद. तुम्हाला वाटलं असेल की विषय खोल गेला म्हणून ते घाबरले. तसं असूही शकतं. पण त्या दोन सेशनच्या मधल्या आठवड्यात पत्नीचा फोन आला होता का? आणि तुम्ही 'मोघम काहीतरी' सांगितलंत, ते काय होतं? समजा तुम्ही एवढंच म्हणालात, 'बोलले हो थोडं, मन मोकळं केलं.' तुमच्या दृष्टीने हे काहीच नाही. पण त्याच संध्याकाळी घरी चहा देताना कोणी म्हणालं असेल, 'तिथे रडलात म्हणे', तर त्या माणसाने पुढच्या गुरुवारी काय करावं अशी तुमची अपेक्षा आहे? शिवाय ती पत्नी तुमच्या आईच्या भजनी मंडळातली. त्याला माहीत आहे की या खोलीतला शब्द दोन उड्यांत विठ्ठलमंदिराच्या ओसरीवर पोहोचू शकतो. मी तिथे नव्हते, त्यामुळे असंच घडलं असं म्हणत नाही. पण अशा खोलीत 'सगळं ठीक आहे' हे शहाण्या माणसाचं उत्तर आहे. त्याला मी आजार म्हणणार नाही.

म्हणून पहिली गोष्ट, आणि यात मला कुठलीही सवलत द्यायची नाही: हे फोन थांबायला हवेत. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या 23 व्या कलमाने गोपनीयता हा रुग्णाचा हक्क ठरवला आहे. अपवाद मोजके आहेत, उदाहरणार्थ कोणाच्या जिवाला धोका असेल तेव्हा. पत्नीची काळजी हा अपवाद नाही, ती कितीही खरी असली तरी. गावात 'नाही सांगता येणार' म्हणणं जड जातं, हे मला ठाऊक आहे. तिथे माणूस उद्धटच ठरतो. पण ते शब्द प्रेमाने म्हणता येतात: 'काकू, तुमची काळजी मला कळते. पण ते इथे काय बोलतात हे मी बाहेर सांगायला लागले तर ते इथेही बोलायचे थांबतील. घरात तुम्हाला काय दिसतंय ते मला जरूर सांगा. फक्त तुम्ही सांगितलंत हे मी त्यांच्यापासून लपवणार नाही.' आणि काकूंना स्वतःला कोणाशी बोलावंसं वाटत असेल, तर दुसऱ्या समुपदेशकाचं नाव द्या. दोघांचंही ऐकण्याचा भार एकट्यावर घेऊ नका.

माणसाला घेऊन येणारा वेगळा, पैसे देणारा वेगळा आणि बोलायचं मात्र तिसऱ्याने, ही अडचण या व्यवसायाच्या जन्मापासूनची आहे. व्हिएन्नात 1900 साली एका वडिलांनी आपल्या 18 वर्षांच्या मुलीला सिग्मंड फ्रॉइडकडे आणलं. फ्रॉइडने तिचं नाव लिहिताना बदलून 'डोरा' केलं. घरोब्यातल्या एका विवाहित गृहस्थाने तिच्याशी लगट केली होती आणि वडिलांनी तिच्यावर विश्वास ठेवला नव्हता. वडिलांचे स्वतःचे त्याच गृहस्थाच्या बायकोशी संबंध होते. मुलीने हा विषय सोडून द्यावा, ताळ्यावर यावं, ही त्यांची इच्छा. फ्रॉइडने मुलीचं म्हणणं खरं मानलं, पण ती 'नाही' म्हणेल तिथे त्या 'नाही'तूनच आपला अर्थ काढून तो तिच्यापुढे ठेवत राहिले. सुमारे अकरा आठवड्यांनी, वर्षाच्या शेवटच्या दिवशी, तिने आपलं येणं थांबवलं. 1905 साली ही केस छापताना फ्रॉइडने लिहिलं की तिच्या मनात आपल्याविषयी काय चाललं होतं ते आपल्याला वेळेत ओळखता आलं नाही. मला यात नेहमी त्या मुलीची बाजू दिसते. वडिलांनी आणलेल्या खोलीत, वडिलांच्याच वयाच्या माणसासमोर, तिने कशाच्या भरवशावर बोलावं?

काकाही असेच 'आणलेले' आहेत. तुमच्या कामाचं उद्दिष्ट कोणी ठरवलं, हे स्वतःला विचारा. झोप, चिडचिड, घरात न बोलणं ही पत्नीने दिलेली यादी आहे. एडवर्ड बॉर्डिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1979 साली उपचारातल्या नात्याचे तीन भाग सांगितले: कशासाठी भेटतोय यावर दोघांचं एकमत, त्यासाठी काय करायचं यावर एकमत, आणि एकमेकांबद्दलचा विश्वास. तुमच्या खोलीत उद्दिष्ट पत्नीचं आहे, उपाय तुम्ही निवडलेला आहे आणि विश्वासाला फोनने तडा गेलेला आहे. काकांचं स्वतःचं असं तिथे काय आहे? हे नातं कसं आहे यावर उपचाराचं यश बऱ्यापैकी अवलंबून असतं, हे आता फक्त अनुभवाचं बोलणं राहिलेलं नाही. 2018 साली 295 अभ्यास आणि 30 हजारांवर क्लायंट एकत्र घेऊन केलेल्या विश्लेषणातही ते दिसलं, मग उपचारपद्धती कुठलीही असो.

डायरीचंच घ्या. पतसंस्थेत दिवसभर रकाने भरणाऱ्या माणसाला तुम्ही घरी जाऊन आणखी रकाने भरायला सांगितलंत. त्यात 'मनात आलेला विचार' आणि 'भावना' लिहायच्या. बरं, ती वही ठेवायची कुठे? दोन-तीन खोल्यांच्या घरात जिथे कपाटाची चावी देवघरात असते, तिथे भावाविषयीचा राग लिहिलेली वही किती दिवस लपून राहील? तुम्ही त्यांना विचारलंत का की ही वही कोरी का राहिली? 'का नाही लिहिली?' या मास्तरकीच्या सुरात नव्हे. 'लिहिताना काय आड येतं?' अशा खऱ्या कुतूहलाने. मला वाटतं, त्या उत्तरात तुम्हाला अख्खं घर दिसेल.

गाडीचंही तसंच. दोन गल्ल्या सोडून गाडी लावणं तुम्हाला अपमानकारक वाटलं. मला त्यात त्यांची धडपड दिसते. गावात समुपदेशकाच्या पाटीखाली गाडी दिसली तर सोमवारी पतसंस्थेच्या काउंटरवर काय कुजबुज होईल हे त्यांना माहीत आहे, आणि तरी ते येतात. त्यांना विचारा, वेळ बदलली तर सोयीचं पडेल का? संध्याकाळी सातनंतर, समोरचं दुकान बंद झाल्यावर? पंधरा मिनिटांचा उशीर कदाचित एवढ्यानेच सुटेल. न सुटला तर मग त्याबद्दल बोलता येईल.

आता तुम्ही मागच्या महिन्यात जे बोललात त्याकडे येते. दमून, कळकळीने बोललात, हे दिसतंय. पण त्याचा परिणाम काय होतो याचा चांगला अभ्यास झालेला आहे. अमेरिकेत ओरेगॉनमध्ये जेराल्ड पॅटरसन आणि मॅरियन फॉरगॅच यांनी त्रासदायक वागणाऱ्या मुलांच्या पालकांसोबतची सेशन क्षणाक्षणाने तपासली. 1985 साली त्यांनी मांडलं की थेरपिस्ट शिकवायला किंवा तोंडावर चुका दाखवायला लागला की लगेच पालकांचा विरोध वाढतो. मग त्यांनी मुद्दाम करून पाहिलं: थेरपिस्टने थोडा वेळ शिकवायचं, थोडा वेळ थांबायचं. विरोध त्या तालावर चढला आणि उतरला. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना 1993 साली दारूचा त्रास असलेल्या लोकांमध्ये असंच दिसलं. थेरपिस्टने जितकी उलटतपासणी केली, तितकं ते लोक वर्षभराने जास्त पीत होते. गाठ ओढली की आवळते. म्हणजे समोरच्याच्या विरोधाचा एक दोर तुमच्याही हातात असतो, आणि तेवढा तर तुम्ही नक्कीच सैल सोडू शकता.

याच मिलर यांनी स्टीफन रोलनिक यांच्यासोबत पुढे एक फरक केला, तो तुम्हाला आज उपयोगी पडेल. क्लायंट अडून बसतो तेव्हा दोन निरनिराळ्या गोष्टी घडत असू शकतात. एक, बदलण्याबद्दल त्याचंच मन दुभंगलेलं असतं: 'भावाशी बोललो तर वाद मिटेलही, पण मग मीच नमलो असं होईल.' हे अडणं बदलाच्या कामाचाच भाग आहे, त्यात काही बिघडलेलं नसतं. तिथे दोन्ही बाजू शांतपणे ऐकायच्या, कुठल्याही एका बाजूचं वकीलपत्र घ्यायचं नाही. दुसरी गोष्ट म्हणजे तुमच्या दोघांच्या नात्यातच सूर बिघडलेला असतो: 'तुम्हाला काय कळणार', 'सगळं ठीक आहे', घड्याळाकडे पाहणं. इथे बदलाविषयी कितीही चांगलं बोललात तरी उपयोग नाही. आधी नातं दुरुस्त करावं लागतं. काकांचं प्रकरण मला या दुसऱ्या प्रकारातलं वाटतं आणि तुम्ही पहिल्या प्रकाराचं औषध देत आलात.

आपल्याकडे हा बिघाड ओळखणं अवघड जातं, कारण तो आवाज करत नाही. जेरेमी सॅफ्रन आणि क्रिस्टोफर मुरान या न्यूयॉर्कच्या अभ्यासकांनी नात्यातल्या अशा तड्यांचे दोन प्रकार केले. एकात माणूस अंगावर येतो, दुसऱ्यात तो मागे सरतो. मागे सरणारा माणूस भांडत नाही. तो हो म्हणतो, मान डोलावतो, 'करतो' म्हणतो, आभारसुद्धा मानतो. मोठ्यांसमोर, शिकलेल्यांसमोर, डॉक्टरांसमोर 'नाही' न म्हणण्याचे संस्कार आपल्या हाडीमाशी खिळलेले आहेत. त्यामुळे 'करतो मॅडम' हा होकार आहे असं धरून चालू नका. बऱ्याचदा तो अत्यंत अदबीने दिलेला नकार असतो.

'तुम्हीच सांगा काय करायचं' यावरही तुम्ही वैतागलेल्या दिसता. आपल्या अभ्यासक्रमात शिकवतात की सल्ला द्यायचा नाही, क्लायंटने स्वतः मार्ग शोधायचा. ठीक आहे. पण काका ज्या जगातून येतात तिथे अडचणीत माणूस वडीलधाऱ्यांकडे, गुरूंकडे, महाराजांकडे जातो आणि ते काहीतरी सांगतात. पंजाबी कवी आणि मनोविकारतज्ज्ञ डॉ. जसवंतसिंग नेकी यांनी 1973 मध्येच मांडलं होतं की भारतीय रुग्ण उपचारकाशी गुरू-चेल्याचं नातं शोधत येतो, आणि ही अपेक्षा दोष न मानता तिचा उपचारात उपयोग करता येईल. माझंही मत तसंच आहे. मागणाऱ्याला प्रत्येक वेळी रिकाम्या हाती परत पाठवू नका. झोपेबद्दल दोन गोष्टी तुम्हाला नक्की माहीत आहेत, त्या सांगा. मग विचारा, 'यातलं तुमच्या घरात काय जमेल, काय जमणार नाही?' थोडं दिलंत की पुढचं विचारण्याचा हक्क मिळतो.

आणि लग्नाचा प्रश्न. तुम्ही तो चुकवलात कारण तो खासगी होता. पण 28 वर्षांच्या मुलीसमोर बसून, 20 वर्षांचा संसार आणि तुटलेलं भावकीचं नातं उलगडायचं असलेला माणूस खरं तर विचारतोय: हिला हे पेलेल का? हा रास्त प्रश्न आहे. पुन्हा विचारलाच, तर सरळ उत्तर द्या. 'नाही झालं. कदाचित तुम्हाला वाटत असेल की हिला संसारातलं काय कळणार. तसं वाटत असेल तर त्यात गैर काही नाही. मला जिथे कळणार नाही तिथे तुम्ही मला समजावून सांगा.' वयाचं अंतर झाकायला जाऊ नका. तुम्ही मॅडम असलात तरी वाटणीचं दुःख या विषयात ते तुमच्यापेक्षा जाणते आहेत, हे मनापासून मान्य करा.

गुरुवारी काय करायचं ते आता जरा नेमकं सांगते. त्या दिवशी डायरी नको, झोपेचा तक्ता नको. ते बसले, पाणी प्याले, की तुम्हीच आधी बोला. साधारण असं:

'काका, तुम्ही परत आलात, मला बरं वाटलं. आज आधी मला दोन गोष्टी बोलायच्या आहेत. मागच्या वेळी मी म्हणाले की तुम्हाला बदलायचं नाही. ते मी घाईने आणि चुकीचं बोलले. इतकी कसरत करून तुम्ही येता, हे मी पाहिलंच नाही. दुसरी गोष्ट. काकूंचा फोन येतो तेव्हा इथलं थोडंफार मी त्यांना सांगितलंय, तुम्हाला न विचारता. तसं करायला नको होतं. आजपासून ते बंद आहे.'

नेमकं काय सांगितलं होतं तेही लपवू नका, दोन वाक्यांत सांगून टाका. मग थांबा. बहुतेक ते म्हणतील, 'छे छे मॅडम, त्यात काय एवढं.' इथे बरेच समुपदेशक सुटकेचा श्वास घेतात आणि पुढच्या विषयावर जातात. तुम्ही जाऊ नका. म्हणा, 'तुम्ही मोठ्या मनाने सोडून देताय. पण तुमच्या जागी मी असते तर मला खटकलं असतं.' एवढंच. आणि पुन्हा थांबा. त्या शांततेत काहीही येऊ शकतं. ते खिडकीबाहेर बघत बसतील. किंवा म्हणतील, 'घरी विषय निघाला होता.' किंवा आवाज चढवून म्हणतील, 'मग मी काय बोलायचं इथे?' हे शेवटचं झालं तर घाबरू नका. आजवर 'ठीक आहे' म्हणणारा माणूस पहिल्यांदा तुमच्यासमोर खरं बोलतोय. तेव्हा स्वतःची बाजू मांडू नका, कायद्याचं किंवा काळजीचं कारण पुढे करू नका. 'बरोबर आहे तुमचं' म्हणा आणि ऐका. पहिल्या दिवशी कदाचित काहीच येणार नाही. तरी तुम्ही बोलल्यात तो भाग वाया जात नाही, तो त्यांच्यासोबत घरी जातो.

एक सावधगिरी मात्र आहे. त्या घरात मारहाण होते असा थोडाही संशय असेल, तर फोनची गोष्ट काकांना सांगण्याआधी सुपरव्हायझरशी, म्हणजे तुमच्या कामावर मार्गदर्शन करणाऱ्या एखाद्या अनुभवी समुपदेशकाशी, बोला. पत्नीच्या सुरक्षिततेचा विचार नात्याच्या दुरुस्तीआधी येतो.

त्यानंतर, त्याच दिवशी किंवा पुढच्या वेळी, उद्दिष्ट नव्याने ठरवा. 'काकूंना काय हवंय ते आपल्याला माहीत आहे. तुम्हाला इथून काय मिळालं तर हा तास कामी आला असं वाटेल?' ते म्हणतील, झोप. चालेल. झोपेपासून सुरू करा, वाटणीला तुम्ही हात लावू नका. तो विषय त्यांनी आणू द्या. 'आज किती बोलायचं ते तुम्ही ठरवा, मी ओढणार नाही' हे वाक्य एकदा स्पष्ट म्हणून ठेवा. फी यापुढे त्यांनी स्वतः दिली तर कसं, तेही विचारा. आणि प्रत्येक सेशनची शेवटची पाच मिनिटं राखून ठेवा: आज मी काही असं बोलले का जे पटलं नाही? सुरुवातीला 'नाही नाही' येईल. पण न चुकता विचारत राहिलात, तर एखाद्या गुरुवारी खरं उत्तर येतं.

हे सगळं फार मोठ्या पदवीधारकांनाच जमतं असं मानू नका. गोव्यात घातक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांसाठी एक समुपदेशन कार्यक्रम तपासला गेला, त्याचे निष्कर्ष 2017 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. समुपदेशक होते स्थानिक, मानसशास्त्राची पदवी नसलेले पण नीट प्रशिक्षण घेतलेले लोक. जास्तीत जास्त चार बैठका. पद्धत हीच: न झापता, न उपदेश करता, त्या माणसाच्या स्वतःच्या कारणांना बोलतं करायचं. तीन महिन्यांनी त्या गटातले 36 टक्के पुरुष घातक पिण्याच्या पातळीखाली आले होते, तर नेहमीची सेवा मिळालेल्यांत 26 टक्के. फार मोठा फरक नाही म्हणाल, पण 'दारूडे काय ऐकणार' असं ज्यांच्याबद्दल सर्रास म्हटलं जातं, त्या लोकांमधला हा फरक आहे.

तरीही सगळं काही नात्याने सुटत नाही. न येणारी झोप, बोलणं बंद, कशातच रस नाही, ही नैराश्याचीही लक्षणं आहेत. ज्याला आपण प्रतिरोध म्हणतो, तो कधी कधी उठून वही हातात घेण्याचं बळच नसणं असतो. म्हणून गुरुवारी किंवा त्याच्या पुढच्या भेटीत सरळ विचारा: जगू नये असं कधी मनात येतं का? विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही, उलट विचारणारं कोणी भेटलं याने माणसाला हलकं वाटतं. उत्तर 'हो' असेल तर लगेच मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवा, आणि अशा वेळी घरच्यांना विश्वासात घेणं कायद्यालाही धरून आहे. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा 14416 हा सरकारी क्रमांक चोवीस तास आणि मोफत आहे, मराठीत बोलता येतं. तो पाटीवर लिहून भिंतीला लावा. थायरॉइड, साखर, आणि दारूचं प्रमाण हेही एकदा तपासायला सांगा.

तुमच्याबद्दलही थोडं. पत्रात मला एक दमलेली, धास्तावलेली मुलगी दिसली. भजनी मंडळात आईला कोणी विचारलं, 'तुमच्या लेकीकडे जाऊन काही फरक नाही हो', तर? ही भीती तुमच्यासोबत त्या खोलीत बसते आणि काकांना घाई करते. त्यांच्या बरं होण्यावर तुमची गावातली पत टांगलेली असेल, तर त्यांचं प्रत्येक 'ठीक आहे' तुम्हाला टोचणारच. यावर उपाय एकटीने विचार करत बसण्यात नाही. गावात सुपरव्हिजन मिळत नसेल तर पुण्या-मुंबईच्या एखाद्या अनुभवी समुपदेशकाशी ऑनलाइन ठरवा, महिन्यातून एकदा तरी. त्याचे पैसे जातील. ते धंद्याचा खर्च म्हणूनच धरा. आणि यापुढे ओळखीतली केस घेताना पहिल्याच दिवशी, घरच्यांसमोरच, सांगून टाका की इथलं बोलणं इथेच राहील. नंतर सांगण्यापेक्षा ते कितीतरी सोपं असतं.

हे सदर वाचणाऱ्यांत खुर्चीच्या पलीकडे बसणारेही आहेत, म्हणून त्यांच्यासाठी. थेरपिस्टपासून काही लपवलं म्हणून स्वतःला दोष देऊ नका. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीत 547 क्लायंटना विचारलं तेव्हा 93 टक्के लोकांनी थेरपीत कधी ना कधी खोटं बोलल्याचं मान्य केलं, आणि सगळ्यांत जास्त खोटं होतं ते आपल्याला किती त्रास होतोय ते कमी करून सांगण्याचं. बोलता येत नसेल तर 'मला इथे बोलायला का जड जातंय ते कळत नाही' इथूनच सुरुवात करा. चांगला समुपदेशक तेवढं वाक्य धरून पुढे येतो. जो त्यावर चिडतो किंवा तुमचं बोलणं घरी पोहोचवतो, त्याला बदलायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. आणि घरच्यांनो, तुमच्या माणसाला घेऊन आलात, फी भरलीत, हे मोठं काम केलंत. 'आज काय बोलणं झालं?' एवढा प्रश्न मात्र जिभेवरच थांबवा.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, केस सोडण्याचा. गुरुवारनंतर तीन-चार भेटी नीट द्या. त्यानंतरही काकांना तुमच्यासमोर मोकळं होता येत नसेल, ओळखीमुळे म्हणा, वयामुळे म्हणा, तर त्यांनाच विचारा की तालुक्याबाहेरच्या, ओळखपाळख नसलेल्या कोणाकडे जायला आवडेल का. दोन नावं द्या. ते हो म्हणाले तर नव्या समुपदेशकाला काय कळवायचं ते काकांसमोर बसून लिहा, त्यांना वाचून दाखवा, नको असलेली ओळ त्यांच्या हाताने खोडू द्या, आणि मगच पाठवा. काकूंना ही बदली सांगायची की नाही, तेही काकाच ठरवतील.